बॉल पायथनचा बंदिस्त अधिवास

बॉल पायथन (शास्त्रीय नाव: पायथन रेजियस) या बिनविषारी सापाला पाळताना ज्या बंद पेटीत ठेवले जाते, तिला टेरेरियम किंवा व्हायव्हेरियम म्हणतात. हा साप मूळचा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील असून तेथे तो दिवसा उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत राहतो व रात्री बाहेर पडतो. सापाला शरीराचे तापमान स्वतः राखता येत नाही. त्यासाठी तो ऊन व सावली यांत जागा बदलतो. पेटीत ही निवड उपलब्ध नसेल, तर त्याचे पचन, कात टाकणे व रोगप्रतिकारशक्ती यांवर परिणाम होतो.

आकार व बांधणी

प्रौढ बॉल पायथनची लांबी साधारणतः १ ते १.५ मीटर असते. त्यासाठी किमान १२० सेंमी लांब, ६० सेंमी रुंद व ६० सेंमी उंच पेटी सुचवली जाते. सापाला पूर्ण ताणून पसरता यावे, असा निकष अलीकडे मांडला जातो. पेटी काचेची, लाकडी किंवा पीव्हीसीची असते. साप लहानशा फटीतूनही निसटू शकत असल्याने दारांना कुलूप असते व वायुवीजनाची छिद्रे बारीक ठेवतात. हा एकलकोंडा प्राणी असल्याने एका पेटीत एकच साप ठेवतात.

तापमान

पेटीची एक बाजू उष्ण व दुसरी थंड ठेवली जाते. उष्ण बाजूला शेकण्याच्या जागेचे तापमान सुमारे ३२ ते ३५ अंश सेल्सिअस, तर थंड बाजूचे सुमारे २४ ते २७ अंश असते. उष्णतेसाठी दिवे, सिरॅमिक उष्मक किंवा पेटीखालील तापपट्टी वापरतात. प्रत्येक साधन थर्मोस्टॅटला जोडणे आवश्यक मानले जाते. तप्त पृष्ठभागापासून साप वेळीच दूर होईलच असे नसते आणि त्यामुळे त्याच्या पोटाला गंभीर भाजल्याच्या जखमा होतात. पेटीच्या आत बसवलेल्या दिव्याभोवती जाळी लावतात. तापमान फार कमी राहिल्यास भक्ष्य नीट पचत नाही व साप ते ओकून टाकू शकतो. दोन्ही बाजूंना स्वतंत्र तापमापक असतात.

आर्द्रता व तळ

हवेतील आर्द्रता सर्वसाधारणपणे ५० ते ६० टक्के ठेवतात व कात टाकण्याच्या काळात ती वाढवतात. हवा कोरडी असल्यास कात तुकड्यांनी निघते. डोळ्यांवरील पापुद्रा किंवा शेपटीच्या टोकाची कात अडकून राहते. उलट, तळ सतत ओला व हवा कोंडलेली राहिल्यास खवले कुजतात आणि श्वसनाचे विकार होतात. तळाला नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा सायप्रसच्या सालीचा चुरा पसरतात. सीडारच्या लाकडाचा भुसा त्यातील उग्र तेलांमुळे टाळला जातो.

लपण्याच्या जागा

उष्ण व थंड अशा दोन्ही बाजूंना अंगाला बेताची बसणारी एकेक लपण्याची जागा असते. एकच असल्यास सापाला सुरक्षितता आणि योग्य तापमान यांपैकी एकाची निवड करावी लागते. असुरक्षित वाटणारा साप अनेकदा अन्न घेत नाही. याशिवाय पाण्याचे जड भांडे व चढण्यासाठी फांद्या ठेवतात. विष्ठा दिसताच काढली जाते व पाणी नियमित बदलले जाते. दिवस-रात्रीचे चक्र राखण्यासाठी सुमारे १२ तास प्रकाश देतात.

भारतातील कायदेशीर स्थिती

नाग, घोणस, धामण, भारतीय अजगर यांसारखे देशी साप वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून ते घरी पाळता येत नाहीत. बॉल पायथन विदेशी असला, तरी साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश आहे. अधिनियमातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली; तिची कार्यपद्धती २०२४ च्या नियमांत दिली असून नोंदणी 'परिवेश' संकेतस्थळावर होते. हा साप बंदिस्त अवस्थेत २० ते ३० वर्षे जगू शकतो. तितका काळ त्याचे सारे हवामान या पेटीवरच अवलंबून असते.