मागें ट्रेलर जोडावयाचा असेल तर मोटार कोणती घ्यावी?

ओझें वाहणें व ओझें ओढणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, हें शेतकऱ्यास नव्यानें सांगावयास नको. परंतु हीं दोन्ही कामें ज्यास एकाच वेळीं करावीं लागतात, त्याच्या शक्तीचा हिशेब पुष्कळांच्या हातून चुकतो. बैलाच्या बाबतींत ही चूक लवकर उघडकीस येते. कारण बैल थांबतो, खालीं बसतो, आपलें दुःख दाखवितो. मोटार तसें कांहीं दाखवीत नाहीं. घाटाचा उतार लागेपर्यंत ती निमूटपणें चालत राहते.

हा विषय शेतकीच्या मासिकांत कां, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. आमच्या सभासदांपैकीं पुष्कळांचीं मुलें आज नोकरीनिमित्त अमेरिकेंत आहेत. त्यांपैकीं एकाचे चिरंजीव कोलोरॅडो राज्यांत डेन्व्हर शहरीं सहकुटुंब राहतात. येत्या उन्हाळ्यांत आईवडिलांस तिकडे नेऊन, मोटारीमागें राहण्याचा ट्रेलर जोडून, रॉकी पर्वत ओलांडून यूटा राज्यांत जाण्याचा त्यांचा बेत आहे. त्याकरितां ते मोठी एस्. यू. व्ही. गाडी घेणार. विक्रेत्याचें म्हणणें असें कीं, गाडी आठ हजार पौंडांहून अधिक ओढते व ट्रेलर सातच हजारांचा आहे. तेव्हां काळजी नको. हा मजकूर दाखवून सभासदांनीं आम्हांस विचारलें, "भाऊसाहेब, त्या गाडींत आम्ही दोघें म्हातारीं माणसें व तीन नातवंडें बसणार. हा हिशेब बरोबर आहे ना?" प्रश्न सात जिवांचा आहे, म्हणून उत्तर सविस्तर देणें आम्हांस योग्य वाटतें.

प्रथम ट्रेलर म्हणजे काय तें पाहूं. तिकडील प्रवासी ट्रेलर हें चाकांवरचें लहानसें घरच असतें. त्यांत निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असते. कारखान्यांतून निघतांना त्याचें जें वजन असतें, तें रस्त्यावर राहत नाहीं. पाणी, गॅस, भांडीं, अंथरुणें, शिधा हें सर्व त्यांत भरावें लागतें. नुसतें चाळीस गॅलन पाणी घेतलें तरी ३३० पौंडांची भर पडते. वर सांगितलेला ट्रेलर भरल्यावर ७,००० पौंड, म्हणजे सुमारें ३२ क्विंटल होतो.

तो ओढावयास मोठ्या कुटुंबाचे लोक मालमोटारीच्या सांगाड्यावर बांधलेली, तीन रांगांची गाडी पसंत करतात. ही कल्पना जुनी आहे. शेव्हरोलेट कंपनीनें १९३५ सालीं अर्ध्या टनी मालमोटारीच्या सांगाड्यावर आठ माणसें बसतील अशी सबर्बन गाडी काढली. तें नांव आजतागायत चालू आहे. ह्या जातीच्या गाड्यांची अधिकांत अधिक ओढशक्ति कंपन्यांनीं छापली ती अशी: २०२१ ची सबर्बन ८,३०० पौंड, २०१८ ची फोर्ड एक्स्पिडिशन ९,३०० पौंड, २०२३ ची टोयोटा सेकोया ९,५२० पौंड, आणि २०२२ ची जीप वॅगोनियर १०,००० पौंड.

हे आंकडे खोटे नाहींत. तिकडील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेचें जे-२८०७ नांवाचें एक मानक आहे. त्याप्रमाणें अरिझोना राज्यांतील डेव्हिस धरणाजवळचा सुमारें ११ मैलांचा चढ, गाडींतील हवा थंड करणारें यंत्र चालू ठेवून, ठराविक वेगाच्या खालीं न येतां चढावा लागतो. परंतु ह्या मानकांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. गाडींत एक चालक व एक सोबती, प्रत्येकीं १५० पौंडांचा, एवढींच माणसें धरतात. सात माणसें व त्यांच्या पेट्या त्या हिशेबांत नाहींत. पंचाईत आहे ती येथेंच.

ही पंचाईत समजण्यास आपली बैलगाडीच उपयोगी पडेल. गाडी भरतांना माल मागें अधिक झाला तर गाडी उलाळ होते, जूं वर उचलतें व बैलाच्या गळ्यास फास बसतो. माल पुढें अधिक झाला तर सारा भार मानेवर येतो. म्हणून जाणता गडी आंसाच्या किंचित् पुढें भार ठेवून गाडी भरतो. ट्रेलरचेंही तसेंच आहे. त्याच्या एकूण वजनाचा शेंकडा १० ते १५ इतका भाग पुढील दांडीवर, म्हणजे मोटारीच्या हुकावर पडला पाहिजे. तो कमी पडला तर ट्रेलर उलाळ गाडीसारखा बेभरंवशाचा होतो. वाऱ्याच्या झोतानें किंवा शेजारून मोठी मालमोटार गेल्यानें तो डावीउजवीकडे झोके खाऊं लागतो आणि ते झोके वाढत जाऊन मोटारीसह उलटतो. तेव्हां दांडीवरील भार टाळतां येत नाहीं, आणि हा भार मोटारीनें ओढावयाचा नसून अंगावर घ्यावयाचा असतो.

मोटारीनें अंगावर किती घ्यावें, ह्याचा आंकडा जाहिरातींत ठळक छापीत नाहींत. तो चालकाच्या दाराजवळील खांबावर एका पट्टीवर लिहिलेला असतो. माणसें व सामान मिळून अमुक पौंडांपेक्षां अधिक होऊं नये, असा त्याचा अर्थ. ह्या जातीच्या गाड्यांत तो बहुधा १,३०० ते १,८०० पौंडांच्या दरम्यान असतो. आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली. जमीन घेणारानें मध्यस्थाचें बोलणें ऐकावें, परंतु व्यवहार सात-बाराचा उतारा पाहून करावा, हें आम्ही जन्मभर सांगत आलों. मोटारीच्या खांबावरील ही पट्टी म्हणजे त्या गाडीचा उतारा होय.

आतां हिशेब मांडूं. चिरंजीवांनीं पाहिलेल्या गाडीच्या पट्टीवर १,६०० पौंड आहेत. चार मोठीं माणसें व तीन मुलें मिळून ८५० पौंड. पेट्या वगैरे १५० पौंड. ट्रेलर जोडण्याचें लोखंडी सामान ९० पौंड. ७,००० पौंडांच्या ट्रेलरचा दांडीवरील भार शेंकडा १२ धरला तर ८४० पौंड. एकूण १,९३० पौंड. म्हणजे ओढशक्तींत हजाराहून अधिक पौंड शिल्लक दिसत असतां, अंगावरील ओझें ३३० पौंडांनीं अधिक झालें! विक्रेता खोटें बोलला नाहीं. त्यानें सातांऐवजीं दोघांचा हिशेब सांगितला.

ह्यावर उपाय तीन. पहिला, ट्रेलर हलका घेणें. ४,००० पौंडांचा ट्रेलर घेतला तर दांडीवर ४८० पौंड येतात. सामान १०० पौंडांवर आणलें तर एकूण १,५२० होऊन ८० पौंड शिल्लक राहतात. दुसरा, ट्रेलर तोच ठेवून म्हाताऱ्या माणसांनीं दुसऱ्या मोटारीनें जाणें. परंतु दोघांचें ३२० पौंड वजा केलें तरी एकूण १,६१० होतें, म्हणजे मर्यादा दहा पौंडांनीं ओलांडलेलीच राहते. पेट्याही दुसऱ्या मोटारींत ठेवाव्या, तेव्हां तें १,४६० वर येतें. तिसरा उपाय अधिक भारी सांगाड्याची गाडी घेणें. पूर्वीं तशा कौटुंबिक गाड्या मिळत. फोर्डची एक्स्कर्शन २००० ते २००५ पर्यंत निघाली व सबर्बनचा २५०० हा भारी प्रकार सामान्य गिऱ्हाइकास २०१३ पर्यंत मिळे. आतां त्या जुन्या बाजारांतच पाहाव्या लागतात. भारी पिकअप गाड्या आजही मिळतात, परंतु त्यांत पांच-सहाच माणसें बसतात. आमच्या सभासदांस आम्हीं पहिला उपाय सुचविला आहे. कारण नातवंडांसह एका गाडींत जाणें हाच त्यांच्या प्रवासाचा हेतु आहे, मोठें घर ओढणें हा नव्हे.

कित्येक म्हणतील कीं, भार वांटणारा हूक बसविला म्हणजे झालें. हा हूक उपयोगाचा आहे खरा. त्यामुळें मागील चाकांवरील कांहीं भार पुढील चाकांवर व ट्रेलरच्या चाकांवर जातो आणि सुकाणूं ताब्यांत राहतें. परंतु त्यानें पट्टीवरील आंकडा वाढत नाहीं.

वजनाचा मेळ बसल्यावरच गाड्यागाड्यांची तुलना करावी. एकाच नांवाच्या दोन गाड्यांच्या पट्ट्यांवर निरनिराळे आंकडे असतात. कांचेचें छप्पर, मोठीं चाकें, विजेवर सरकणाऱ्या बैठका ह्यांचें वजन त्याच १,६०० पौंडांतून जातें. म्हणून महागडी गाडी पुष्कळदां कमी ओझें घेते. दुसरें, पुढील व मागील चाकांमधील अंतर जितकें अधिक, तितकी गाडी ट्रेलरच्या झोक्यास कमी दाद देते. २०२१ च्या सबर्बनमध्यें हें अंतर १३४ इंच आहे व तिच्या आंखूड भावंडांत, टाहोमध्यें, १२१ इंच. छापील ओढशक्ति टाहोची शंभर पौंडांनीं अधिक आहे, तरी लांबच्या प्रवासास आम्ही सबर्बनच अधिक पसंत करूं. शिवाय आंखूड गाडींत तिसरी रांग भरल्यावर पेट्यांस जागा उरत नाहीं. तिसरें, ओढण्याचें सामान कारखान्यांतूनच बसवून घ्यावें. नुसता हूक मागाहून लावल्यानें गिअर थंड ठेवण्याची वगैरे सोय होत नाहीं.

डोंगराळ मुलखांत इंजिनाचा विचार निराळा करावा लागतो. डेन्व्हरहून पश्चिमेस जाणारा हमरस्ता १९७३ सालीं खुल्या झालेल्या आयझेनहॉवर बोगद्यांतून जातो. त्याची उंची ११,००० फुटांहून अधिक, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या दुप्पट आहे. तेथें हवा विरळ असते. साध्या इंजिनाची शक्ति दर हजार फुटांस सुमारें शेंकडा तीन घटते. म्हणजे बोगद्याजवळ ती एक-तृतीयांशानें कमी होते. टर्बो बसविलेल्या इंजिनास ही घट बरीच कमी लागते. ट्रेलर मागें असतां इंधनाचा खर्च बहुधा दुप्पट होतो, कारण ट्रेलरच्या उंच तोंडास वारा अडवितो. विजेवर चालणाऱ्या गाडीचा पल्लाही तसाच निम्म्यावर येतो.

परंतु चढापेक्षां उतार अधिक घातकी. उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन उतार उतरणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यास मागचें ओझें पुढें कसें रेटतें तें ठाऊक आहे. ह्याच कारणास्तव अमेरिकेंतील अनेक राज्यांत ३,००० पौंडांवरील ट्रेलरास स्वतःचे ब्रेक असावे असा कायदा आहे. उतारावर खालचा गिअर घालावा. ब्रेक सारखा दाबून ठेवूं नये, तो तापून निकामी होतो. ट्रेलर झोके खाऊं लागला तर मोटारीचा ब्रेक जोरानें दाबूं नये व सुकाणूं झटक्यानें फिरवूं नये. वेग हळूहळू कमी करून ट्रेलरचा ब्रेक हातानें लावावा. वेगही बेताचा असावा. ट्रेलरच्या कित्येक टायरांची मर्यादा ताशी ६५ मैल असते, आणि कॅलिफोर्नियांत ट्रेलर ओढणारास ५५ मैलांपेक्षां अधिक वेगाची परवानगीच नाहीं.

शेवटची सूचना अशी कीं, कागदावर मांडलेला हिशेब कांट्यावर पडताळून पाहावा. साखर कारखान्यांत ऊस घातल्यावर कांट्याची पावती घेतल्यावांचून आपण घरीं येत नाहीं. अमेरिकेंतही हमरस्त्यांवरील मालमोटारींच्या थांब्यांवर थोड्या पैशांत वजन करून मिळतें. सर्व माणसें बसवून, पाणी व सामान भरून, ट्रेलर जोडून, पुढील चाकें, मागील चाकें व ट्रेलरचीं चाकें ह्यांचें निरनिराळें वजन घ्यावें आणि तें पट्टीशीं ताडून पाहावें. अधिक भरलें तर ओझें तेथेंच उतरावें. घाटांत तें उतरतां येत नाहीं. ज्यांचीं मुलें परदेशीं असा प्रवास करूं म्हणतात, त्यांनीं गाडीचें नांव व रंग विचारण्यापूर्वीं त्या खांबावरील पट्टीचें छायाचित्र मागवावें, आणि घरांतील प्रत्येक माणसाचें वजन त्याखालीं मांडून बेरीज करावी, एवढीच आमची विनंति आहे.