कुजणाऱ्या दोराचा मागोवा

नायलॉनचा दोर गावोगावच्या आठवडी बाजारात रुळला, त्याला पन्नासेक वर्षे होत आली. त्याआधी कासरे, दावी, म्होरक्या, शिंकी हे सगळे अंबाडी, ताग नाहीतर घायपाताच्या वाखाचे असे. बांधावरची घायपाताची पाने तोडून पाण्यात भिजत घालायची, काही दिवसांनी गर कुजला की दगडावर आपटून, धुऊन वाख मोकळा करायचा, वाळवायचा आणि मग पीळ द्यायचा. रसाने अंग खाजते, कुजक्या पाण्याची घाण वेगळीच. पुष्कळ गावांत हे काम मातंग समाजाच्या माथी होते आणि मोबदला म्हणजे सुगीला पदरात पडेल तेवढे बलुते. अशा दोराला नायलॉनने हटवले यात नवल नाही. विहिरीच्या पोहऱ्याला तर आजही नायलॉनच हवा. तिथे निसर्गप्रेमापायी पोहरा गमावण्यात काय अर्थ?

पण पोहऱ्याला जे सरस ते टोमॅटोलाही सरस, हे आपण फार लवकर धरून चाललो. टोमॅटोचे पीक चार-पाच महिन्यांचे. तेवढ्यापुरती तागाची सुतळी पुरते आणि पीक निघाले की झाडासकट खतखड्ड्यात जाते. नायलॉन तिथेच उरतो, औताला गुंडाळतो. कलमाला बांधून सोडायचा राहिला, तर खोड भरताना सालीत रुततो आणि वरचा भाग वाळवतो. म्हणजे ज्या कुजण्यापायी वाख मागे पडला, तेच कुजणे बागेत कामाला येते. सुतळी पावसात मध्येच तुटते, ही तक्रार खरी आहे, पण एकदा पुन्हा बांधणे हे सालीत रुतलेला दोर कापून काढण्यापेक्षा सोपे.

संयुक्त राष्ट्रांनी 2009 हे नैसर्गिक तंतूंचे वर्ष म्हणून पाळले. आता गच्चीवरच्या बागांत काथ्याच्या कुंड्या आणि मॅक्रमेची शिंकी दिसतात. नुसते ‘नैसर्गिक’ असणे पुरेसे नाही, हे मात्र कोकोपीटवरून कळते: खाऱ्या पाण्यात मुरवलेल्या सोडणांचा भुसा नीट धुतला नसेल, तर त्यातल्या क्षारांनी रोपे करपतात. वाखाचे कौतुक म्हणजे जातीच्या जुन्या कामाचे उदात्तीकरण, असा आक्षेप कोणी घेतला तर तो रास्तच आहे. ते काम पुन्हा कोणाच्या गळ्यात घालायचे नाही. पानांतला गर खरवडून वाख वेगळा करणारी यंत्रे आहेत. कुजवण्याची गरजही त्यांनी संपवली. अडते ते भावावर. शहरात सजावटीच्या शिंक्याला मिळणाऱ्या किमतीतला किती वाटा दोर वळणाऱ्याला मिळतो, हे त्या वस्तूवरच्या चिठ्ठीवर कोणी छापत नाही.