सिमेंट प्रकरण, महाराष्ट्रातील

(१९८१–८२). महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले (१९२९–२०१४) यांना पदत्याग करावयास लावणारे देणगी-प्रकरण. शासननियंत्रित सिमेंटचे वाटप आणि मुख्यमंत्र्यांशी निगडित न्यासांना मिळालेल्या देणग्या यांतील संबंध हा त्याचा गाभा होय. अमेरिकेतील वॉटरगेटप्रमाणे याही प्रकरणाला वृत्तपत्रांतील लेखनामुळे तोंड फुटले. तथापि राजकारणापेक्षा फौजदारी कायद्यावर त्याचा ठसा अधिक काळ टिकला.

त्या काळी सिमेंटची किंमत व वितरण शासनाच्या नियंत्रणाखाली होते. नियंत्रित दर आणि काळ्या बाजारातील दर यांत मोठी तफावत असल्याने शासकीय परवाना हीच एक मौल्यवान वस्तू झाली होती. अंतुले हे झपाट्याने निर्णय घेणारे व लोकप्रिय प्रशासक होते. संजय गांधी निराधार योजना आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याची निर्मिती या त्यांच्याच कारकीर्दीतील होत. साहित्य व कला यांच्या उत्तेजनार्थ त्यांनी १९८० मध्ये इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान स्थापिले. या व अन्य न्यासांना बांधकाम व्यावसायिकांनी आणि सहकारी साखर कारखान्यांनी दिलेल्या देणग्यांविषयी अरुण शौरी यांनी ३१ ऑगस्ट १९८१ रोजी इंडियन एक्सप्रेसमध्ये लिहिले. पुढे मुंबई उच्च न्यायालयात रिट अर्ज होऊन न्यायमूर्ती लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ रोजी देणगी व सिमेंटवाटप यांचा परस्परसंबंध मान्य केला. अंतुले यांनी राजीनामा दिला व त्यांच्या जागी बाबासाहेब भोसले आले. हा निर्णय रिट अर्जावरील होता, फौजदारी दोषसिद्धी नव्हे. हा भेद पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. पुढच्याच महिन्यात केंद्र शासनाने सिमेंटवरील नियंत्रण अंशतः सैल केले व १९८९ मध्ये ते पूर्णतः उठविले.

वॉटरगेटमध्ये निक्सन यांना सप्टेंबर १९७४ मध्ये क्षमादान मिळाल्याने त्यांच्यावर खटला चालला नाही. येथे खटला उभा राहिला, पण तो कोणत्या न्यायालयाने व कोणाच्या अनुमतीने चालवावा, यातच वर्षे गेली. भारतीय जनता पक्षाचे रामदास नायक यांच्या तक्रारीवरील खटल्यात विशेष न्यायाधीशांनी १९८३ मध्ये अंतुले यांना मुक्त केले. ते अद्याप आमदार असल्याने लोकसेवक ठरतात व त्या नात्याने आवश्यक ती मंजुरी नाही, असे कारण देण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १६ फेब्रुवारी १९८४ रोजी हे मत फेटाळले. आमदार हा भारतीय दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक नव्हे. तसेच ज्या पदाचा दुरुपयोग झाल्याचा आरोप आहे ते पद सुटले असल्यास मंजुरीची गरज नाही, असे न्यायालयाने ठरविले. सामान्य नागरिकासही अशी तक्रार दाखल करता येते, हे तत्त्वही त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालाने प्रस्थापित झाले.

खटला लवकर संपावा म्हणून न्यायालयाने तो उच्च न्यायालयाकडे सोपविला. नेमका हाच आदेश पुढे अडसर ठरला. १९५२ च्या कायद्यान्वये असे खटले केवळ विशेष न्यायाधीशच चालवू शकतात आणि उच्च न्यायालयात खटला चालविल्याने आरोपीचा अपिलाचा एक टप्पा हिरावला जातो, असा आक्षेप अंतुले यांनी घेतला. सात न्यायाधीशांच्या पीठाने २९ एप्रिल १९८८ रोजी तो बहुमताने मान्य करून न्यायालयाचा स्वतःचाच आदेश रद्द ठरविला. न्यायालयाच्या चुकीने कोणाचेही नुकसान होऊ नये, ही भूमिका तत्त्वतः निर्दोष असली, तरी तिच्यामुळे चार वर्षांची वाटचाल व्यर्थ गेली. शीघ्र खटला हा अनुच्छेद २१ खालील मूलभूत हक्क असला, तरी त्यास निश्चित कालमर्यादा घालता येत नाही, हा १९९१ चा महत्त्वपूर्ण निर्णयही याच प्रकरणातून आला. अंतुले पुढे लोकसभेवर निवडून आले व केंद्रीय मंत्रीही झाले.

भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मध्ये लोकसेवकाची व्याख्या विस्तारण्यात आली. खासदार तीत येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये ठरविले. मंजुरीविषयीचा १९८४ चा नियमही २०१८ च्या दुरुस्तीने बदलला असून, कथित अपराधाच्या वेळी पदावर असलेल्या व्यक्तीस पद सुटल्यानंतरही मंजुरीचे संरक्षण लाभते.