एचडीचे जादा पैसे : भरण्याआधी टेप घ्या हातात

टीव्हीचा रिचार्ज संपत आला की बऱ्याच घरांत एक छोटी बैठक बसते. मुलगा म्हणतो, "अब्बू, या वेळी एचडी घ्या ना, मॅच नीट दिसतच नाही." अम्मींना रात्री नऊची मालिका चुकवायची नसते. दादी म्हणतात, "मला तर सगळंच धूसर दिसतं, बेटा." आणि अब्बूंच्या डोळ्यांसमोर वीजबिल, सिलिंडर आणि मुलीच्या क्लासची फी असते. शेवटी जो जास्त हट्ट करतो त्याच्या मनासारखे होते. ज्या गोष्टीसाठी दर महिन्याला पैसे जाणार आहेत, तिचा निर्णय असा व्हायला नको.

घरात टीव्ही असावा की नसावा, हा प्रत्येक कुटुंबाने आपापल्या विचाराने सोडवायचा प्रश्न आहे. हा लेख ज्यांच्याकडे टीव्ही आहे आणि ज्यांना दुकानदार, केबलवाला किंवा घरातलाच कोणी 'एचडी घ्या' म्हणतो आहे, त्यांच्यासाठी.

आपल्या देशात टीव्हीचे चित्र बदलायला नेहमी खेळांचे निमित्त मिळाले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वर्षी दूरदर्शन रंगीत झाले आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धा दूरदर्शनने एचडीत दाखवल्या. आजही एचडी विकले जाते ते क्रिकेटच्या नावावर. साध्या म्हणजे एसडी चॅनेलचे चित्र ७२० आडव्या आणि ५७६ उभ्या ठिपक्यांचे, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार ठिपक्यांचे असते. एचडीत १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. पाचपट. हा आकडा ऐकला की वाटते, चित्रही पाचपट चांगले दिसेल. इथेच फसगत होते, कारण ठिपके पडद्यावर असतात आणि बघणारे डोळे पलंगावर.

निरोगी डोळा साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढे बारकावे वेगळे ओळखू शकतो. त्याहून बारीक असेल ते एकमेकांत मिसळून जाते. जाळीचा पडदा लांबून पाहिला की भोके दिसत नाहीत, तसेच. या हिशेबाने २४ इंची टीव्ही सहा फुटांपेक्षा लांबून पाहिला, तर साध्या चित्राचे ठिपकेही डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. ३२ इंची टीव्हीसाठी हे अंतर साधारण आठ फूट, ४३ इंचीसाठी साडेदहा फूट आणि ५५ इंचीसाठी तेरा-साडेतेरा फूट येते. तुम्ही याहून लांब बसत असाल, तर एचडीचे जादा ठिपके तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. एचडीची पुरेपूर मजा घ्यायची तर ३२ इंची टीव्हीसमोर जेमतेम सव्वाचार फुटांवर बसावे लागेल, आणि तसे बसलेले मूल दिसले की आपणच ओरडतो, "मागे हो!"

म्हणून पहिले काम म्हणजे शिवणकामाची टेप काढणे. पडद्याचे माप कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे घ्यायचे आणि पडद्यापासून पलंगाचे किंवा सोफ्याचे अंतर फुटांत मोजायचे. टीव्ही एका भिंतीला, पलंग समोरच्या भिंतीला, अशी दहा बाय बाराची खोली असेल तर अंतर आठ-नऊ फूट सहज भरते. भिवंडी-मालेगावच्या अनेक घरांत हेच दिसेल. तिथे ३२ इंची टीव्हीवर एचडी घेऊन फारसे काही हाती लागत नाही. हॉल मोठा, टीव्ही ४३ किंवा ५५ इंची आणि बसायची जागा सात-आठ फुटांवर असेल, तर मात्र फरक स्पष्ट दिसतो आणि एचडी मागणाऱ्याचे म्हणणे खरे आहे.

हा हिशेब कागदावरचा आहे, थोडी सूट ठेवायला हवी. कमी जागेत जास्त चॅनेल बसवण्यासाठी साध्या चॅनेलचे चित्र बरेच दाबून पाठवले जाते. त्यामुळे चेंडू वेगाने गेला किंवा कॅमेरा झपकन फिरला की पडद्यावर चौकोनी तुकडे दिसतात. हा दोष आठ फुटांच्या पलीकडूनही जाणवू शकतो. एक सोपी कसोटी आहे. मॅच चालू असताना नेहमीच्या जागेवर बसून पडद्याच्या तळाशी असलेला धावफलक वाचा. आकडे स्वच्छ वाचता येत असतील आणि मैदानाचे गवत हिरव्या चिखलासारखे दिसत नसेल, तर साध्या चॅनेलवर तुमचे भागते आहे.

दुसरी एक गोष्ट दुकानदार क्वचितच सांगतो. खोक्यावर 'एचडी रेडी' लिहिलेल्या बहुतेक ३२ इंची टीव्हींचा पडदा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा असतो. म्हणजे १९२० ठिपक्यांचे चित्र आले तरी टीव्ही ते लहान करूनच दाखवणार. साध्यापेक्षा ते बरे दिसेल, पण पाचपटीचा हिशेब तिथेच संपला.

पैसे भरण्याआधी टीव्हीच्या मागे एकदा हात घालून बघा. सेट टॉप बॉक्सपासून टीव्हीपर्यंत पिवळी, लाल आणि पांढरी अशी तीन टोकांची वायर आली असेल, तर त्या वायरीतून एचडी चित्र येतच नाही. एचडी बॉक्स आहे, एचडीचे पैसे दर महिन्याला जात आहेत आणि वायर तीच जुनी, अशी घरे कमी नाहीत. एचडीएमआय नावाची चपट्या टोकाची एक वायर लागते आणि तिचा खर्च एकदाच होतो. बॉक्सला ती जोडायची जागाच नसेल, तर तो साधा बॉक्स आहे आणि एचडीसाठी आधी बॉक्स बदलावा लागेल. तो खर्चही हिशेबात धरा. चेहरे रुंद आणि माणसे बुटकी दिसत असतील, तर तो चॅनेलचा दोष नव्हे. चौकोनी चित्र ताणून रुंद पडद्यावर बसवल्याचा तो परिणाम असतो आणि रिमोटवरून चित्राचा आकार बदलला की फुकटात दुरुस्त होतो. पावसाळ्यात चित्र अडकणे, तुटणे किंवा 'सिग्नल नाही' अशी पाटी येणे, हे कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. डिशपर्यंत येणाऱ्या लहरी मुसळधार पावसात अडतात. त्याला एचडी हे औषध नाही, एचडी चॅनेलही तसेच अडकतात.

आता दादींचे बोलणे. "धूसर दिसतं" ही तक्रार आपण टीव्हीच्या खात्यावर टाकतो आणि मोकळे होतो. साठीच्या पुढच्या माणसाला चित्र धुरकट दिसत असेल, रंग फिके वाटत असतील, दिव्याभोवती वलय दिसत असेल, तर तो मोतीबिंदू असू शकतो. जगातला सर्वांत महागडा टीव्ही आणला तरी तो धूसरपणा जाणार नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आज सरकारी रुग्णालयांत आणि अनेक धर्मादाय नेत्रालयांत मोफत होते. देशात १९७६ पासून अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे आणि मोतीबिंदू हा त्यातला मोठा भाग आहे. दादी कुरआन शरीफ मोठ्या अक्षरांचा मागू लागल्या, तांदळातले खडे निवडायला नको म्हणू लागल्या, जिना उतरताना भिंत धरू लागल्या, या सगळ्या खुणा टीव्हीच्या तक्रारीशेजारी ठेवून पाहा.

मुलांचेही तेच. मूल पुन्हा पुन्हा टीव्हीजवळ सरकते, डोळे बारीक करून बघते, शाळेत फळ्यावरचे वहीत चुकीचे उतरवते. त्याला लांबचे दिसत नसेल. चष्म्याचा नंबर वेळेवर निघाला नाही, तर नुकसान अभ्यासाचे होते आणि मुलाला 'लक्ष नाही' म्हणून बोलणी खावी लागतात. मला विचाराल तर घरातून 'नीट दिसत नाही' ही तक्रार आली की पहिला खर्च डोळ्यांच्या तपासणीवर व्हावा, चॅनेलवर नंतर. तपासणीत सगळे ठीक निघाले तर मग टेप काढा.

काय पाहता, यावरही बरेच अवलंबून आहे. क्रिकेट, फुटबॉल, जंगलातले प्राणी, समुद्राखालचे जीवन, यांत एचडी खुलून दिसते. बातम्यांत माणसे बसून भांडतात, ते भांडण साध्या चॅनेलवरही तेवढेच कर्कश असते. मालिकेत सासूने काय कट रचला हे कळायला २० लाख ठिपके लागत नाहीत. नात, कव्वाली, मुशायरा ही कानाने घ्यायची चीज आहे. त्यासाठी टीव्हीला एखादा बरा स्पीकर जोडलात तर त्याच पैशांत जास्त आनंद मिळेल. दूरदर्शनच्या जुन्या काळातल्या व्हिडिओ टेपवर चित्रित झालेल्या मालिका एचडी चॅनेलवर लागल्या तरी त्यांत नवे बारकावे येत नाहीत. मुळात टिपलेच नव्हते ते येणार कुठून? जुन्या चित्रपटांचे तसे नाही. ते फिल्मवर चित्रित झालेले असल्यामुळे, जुनी प्रत नीट साफ करून घेतली असेल तर एचडीत फार सुंदर दिसतात.

पैशांचा हिशेब तसा किचकट नाही, पण तो किचकट वाटेल अशीच त्याची मांडणी केलेली असते. २०१९ च्या फेब्रुवारीपासून 'ट्राय'च्या नियमांनुसार प्रत्येक सशुल्क चॅनेलची वेगळी किंमत जाहीर करावी लागते आणि ग्राहकाला सुटे चॅनेल निवडता येते. पॅकमध्ये घालायच्या चॅनेलची सुटी किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त नसावी, अशी मर्यादा आहे. मध्ये ती १२ वर आणली होती, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा १९ झाली. त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १९ रुपयांचे चॅनेल घरात २२ रुपये ४२ पैशांना पडते. अशी पाच एचडी चॅनेल सुटी घेतली तर महिन्याला ११२ रुपये १० पैसे आणि वर्षाला १,३४५ रुपये होतात. सेवा देणाऱ्याचे मूळ शुल्क याशिवाय.

नियमानुसार एकाच पॅकमध्ये एका चॅनेलची साधी आणि एचडी अशी दोन्ही रूपे ठेवता येत नाहीत. पण तुमच्याकडे साध्या चॅनेलचे पॅक चालू असताना तुम्ही वरून एखादे एचडी चॅनेल सुटे मागितले, तर ते मिळते आणि एकाच कार्यक्रमाचे पैसे दोनदा जातात. समजा, साधे चॅनेल १० रुपयांचे आणि त्याचे एचडी रूप १९ चे आहे. साधे काढून एचडी घेतले तर जीएसटीसह महिन्याला फक्त १० रुपये ६२ पैसे वाढतील. दोन्ही ठेवले तर त्या एका चॅनेलपायी ३४ रुपये २२ पैसे जातील. किंमत शोधायला कुठे जावे लागत नाही. रिमोटवरचे गाईडचे बटण दाबले की चॅनेलच्या नावाशेजारी ती दिसायला हवी, तसा नियमच आहे.

माझे मत विचाराल तर अख्खे एचडी पॅक घेण्याची गरज फार थोड्या घरांना आहे. बहुतेकांना एक खेळाचे आणि फार तर एक करमणुकीचे चॅनेल एचडीत पुरते. बाकी साधेच राहू द्यावे. आणि तेही आधी एक महिना. गंमत म्हणून घरात कोणाला न सांगता एखादे चॅनेल बदलून पाहा. आठवडाभरात कोणाच्या लक्षात आले नाही, तर उत्तर मिळाले. लक्षात आले, तर जो ओळखेल त्याच्या म्हणण्याला पुढच्या बैठकीत वजन द्या.

काही वाचक म्हणतील, दहा-वीस रुपयांसाठी एवढा काथ्याकूट कशाला? सूरह अल-फुरकानच्या ६७ व्या आयतीत रहमानच्या बंद्यांचे वर्णन आले आहे. खर्च करताना ते ना उधळतात, ना हात आखडतात, असा तिचा आशय आहे. यातला दुसरा भाग आपण विसरतो. ज्या घरात दिवसभर दुकान किंवा यंत्रमाग सांभाळून आलेला माणूस रात्री तासभर मॅच बघतो आणि त्याला ती नीट दिसत नाही, तिथे दहा रुपयांवरून त्याला इस्राफचे ऐकवणे बरे नाही. इस्राफ तिथे आहे, जिथे शेजाऱ्यांकडे आहे म्हणून एचडी आले, वायर जुनीच राहिली आणि वर्षभर पैसे जात राहिले.

कॅलेंडरही जवळ ठेवा. रमजानमध्ये अनेक घरांत टीव्हीवर कापड पडते, पण पॅकचे पैसे महिनाभर जातच राहतात. चाँदरात उलटेपर्यंत सशुल्क चॅनेल काढून ठेवता येतात. हरमची तरावीह पाहायची तर ती इंटरनेटवर थेट दिसते. मात्र मोबाईलच्या डेटावर एचडी चित्र पाहिले तर तासाला ३ जीबीपर्यंत जाऊ शकतात. रोजच्या दीड-दोन जीबीच्या प्लॅनमध्ये ते बसत नाही, तिथे चित्र कमी दर्जावर ठेवावे. क्रिकेटचा हंगाम संपला की खेळाचे एचडी चॅनेलही काढायचे असते आणि नेमके तेच राहून जाते.

राहून जाण्याचे एक कारण अगदी साधे आहे. चॅनेल काढायचे तर नोंदणी केलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, आणि तो नंबर असतो कुवेतला किंवा दुबईला गेलेल्या थोरल्याचा. अम्मी इथे रिमोट घेऊन बसलेल्या, थोरला तिकडे ड्युटीवर, आणि ओटीपीची मुदत काही मिनिटांची. तेव्हा पुढच्या रिचार्जआधी, थोरला फोनवर असतानाच, तो नंबर बदलून अम्मींच्या मोबाईलचा करून घ्या.