राफाएलने रंगवलेले दोनी दांपत्य

नवदांपत्याला लक्ष्मीनारायणाचा जोडा म्हणण्याची आपली रीत आहे. त्यात आशीर्वाद असतो. पण ती दोन माणसे दिसतात कशी, हे त्यातून कळत नाही. चित्रकाराने आशीर्वाद रंगवावा की माणसे? पाचशे वर्षांपूर्वी फ्लॉरेन्स नगरात राफाएल या तरुण चित्रकाराने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, ते आजही पाहण्यासारखे आहे.

आन्योलो दोनी हा तेथील धनिक कापडव्यापारी. १५०४ साली त्याचा विवाह स्त्रोत्सी या प्रतिष्ठित घराण्यातील माद्दालेनाशी झाला. तो तिशीचा, ती जेमतेम पंधरा वर्षांची. १५०६ च्या सुमारास राफाएलने दोघांची चित्रे दोन वेगळ्या लाकडी फळ्यांवर रंगवली. तेव्हा तो स्वतः अवघा तेवीस वर्षांचा होता.

त्या काळी लिओनार्दोही फ्लॉरेन्समध्ये 'मोनालिसा' रंगवीत होता. माद्दालेनाच्या देहाचे वळण, एकावर एक ठेवलेले हात, मागे पसरलेला दूरचा प्रदेश, हे सारे राफाएलने तेथूनच घेतले. परंतु लिओनार्दोचे धुके आणि गूढ स्मित मात्र त्याने घेतले नाही. येथे प्रकाश स्वच्छ आहे. भरलेला चेहरा, कपाळाशी सुटलेले बारीक केस, बोटांतील अंगठ्या, गळ्यातील रत्नजडित पदक आणि त्याखाली लोंबणारा टपोरा मोती, सारे जसेच्या तसे आहे. तिला अधिक सुंदर करण्याचा मोह चित्रकाराने आवरला आहे.

आन्योलोची नजर सावध आहे, आणि ती त्याला शोभते. मिकेलांजेलोने त्याच्यासाठी एक गोल चित्र केले व सत्तर दुकाते मागितली. याने चाळीसच पाठवली. रागावलेल्या कलावंताने मग दुप्पट, म्हणजे एकशेचाळीस वसूल केली, अशी कथा चरित्रकार वासारीने सांगितली आहे.

आता चित्रांची मागील बाजू पाहू. तेथे दुसऱ्या एका चित्रकाराने ग्रीक पुराणातील जलप्रलय रंगवला आहे. माद्दालेनाच्या पाठीमागे आहेत प्रलयातून वाचलेले द्यूकालिओन आणि पिऱ्हा. त्यांनी मागे फेकलेल्या दगडांतून नवी माणसे जन्मतात. म्हणजे हा 'पुत्रपौत्रवती भव' असाच आशीर्वाद होय. १५०७ साली या दांपत्याला कन्या झाली.

अशा रीतीने कुळाची अपेक्षा फळीच्या पाठीवर राहिली आणि दर्शनी बाजूस राहिली ती माणसे: एक हिशेबी गृहस्थ आणि दागिन्यांच्या भाराखाली स्थिर बसलेली एक कोवळी मुलगी. २०१८ पासून ही चित्रे फ्लॉरेन्सच्या उफीत्सी संग्रहालयात, मिकेलांजेलोच्या त्याच गोल चित्राच्या सोबतीने, मांडलेली आहेत. दोनी घराण्याची दौलत केव्हाच विरून गेली. माद्दालेनाला मात्र आपण आजही तिच्या चेहऱ्यावरून ओळखतो.