काचेखालचे लढाऊ विमान

शिकागोच्या विल्यम्स कंपनीने १९८७ मध्ये ‘एफ-१४ टॉमकॅट’ हे पिनबॉल यंत्र आणले. रचनाकार स्टीव्ह रिची. वेग ही त्यांची खासियत. ‘टॉमकॅट’ची इंग्रजी अक्षरे चेंडूने टिपली की चेंडू अडकवून ठेवता येतात, आणि मग एकदम चार पोलादी चेंडू अंगावर येतात! माथ्यावरचे दिवे गरगरू लागतात. पण खरा वैरी ‘यागोव’. त्याने भिरकावलेला चेंडू दोन फ्लिपरांच्या मधून निसटलाच म्हणून समजा. घाबरून दोन्ही बटणे एकदम दाबणाऱ्याची तिथे धडगत नाही. बरे, यंत्राला जोराचा हिसका द्यावा, तर ‘टिल्ट’ होऊन फ्लिपरच बंद! अस्सल टॉमकॅट विमाने अमेरिकी नौदलाने २००६ मध्ये निवृत्त केली. यागोव मात्र हौशी संग्राहकांच्या घरी अजून चेंडू फेकतोच आहे.