लोहाराची वाट, सोनाराची पोढी

कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने कान्हेरीच्या डोंगरावर एक वाट करून दिली आणि तसे कातळावर कोरून ठेवले. कल्याणच्याच स्वामिदत्त सोनाराने तिथे पाण्याची पोढी, म्हणजे टाके, खोदवून दिले. बोरीवली पूर्वेच्या राष्ट्रीय उद्यानात शिरताना मला चैत्यगृहाआधी हे दोघे आठवतात.

फाटकापासून सहा-सात किलोमीटर आत गेले की हा डोंगर लागतो. शिलालेखांत त्याचे नाव कृष्णगिरी. सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे जवळ, म्हणून दाते मिळाले. डोंगर गजबजाटापासून दूर, म्हणून निवांतपणा मिळाला. इसवी सनाच्या आरंभापासून जवळजवळ हजार वर्षे इथे भिक्खू राहिले, शिकले, शिकवत राहिले. सन 494-95 च्या ताम्रपटात या ठिकाणाचा उल्लेख महाविहार असा आहे. सिंधु देशातून आलेल्या बुद्धरुचीने इथे शारिपुत्राचा स्तूप उभारला, असे त्यात म्हटले आहे.

लेणी शंभराहून अधिक. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातले. ते दोन व्यापारी भावांनी करवले. त्याच्या ओवरीतल्या उंच बुद्धमूर्तींपुढे प्रत्येकजण थबकतो. पण भिक्खूंची ही वसाहत समजते ती लहान लेण्यांतून: ओसरी, एक खोली, निजायला दगडी ओटा आणि दाराशी टाके. छतावरचे पावसाचे पाणी कातळात कोरलेल्या पन्हळींतून टाक्यात उतरते. पावसाळ्यानंतर गेलात, तर ही व्यवस्था अजून चालू असलेली दिसेल.

अकराव्या लेण्याला दरबार म्हणतात. मधोमध दोन लांब, बुटके दगडी ओटे आहेत. त्यांच्याकाठी ओळीने बसून पाठ होत की भोजन, यावर अभ्यासकांची मते वेगळी आहेत. वेरूळच्या पाचव्या लेण्यातही असेच ओटे आहेत.

डोंगराच्या एका कडेला, पुढे आलेल्या कातळाखाली, दिवंगत आचार्यांच्या विटांच्या स्तूपांचे अवशेष आहेत. डॉ. शोभना गोखले यांनी त्या स्मारकलेखांचे वाचन केले. थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंच्या, नावांमागे त्यांच्या आध्यात्मिक पायऱ्या सांगणारी विशेषणे लावलेली आहेत. या महाविहाराचा गुरुजनपटच तिथे मातीत पडून होता.

एवढे सगळे चालायचे कशावर? राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या आणि कोकणच्या शिलाहारांच्या काळातले लेख त्याचे उत्तर देतात. शके 775 च्या लेखात गौड देशाच्या, म्हणजे बंगालच्या, अविघ्नाकराने शंभर द्रम्म, म्हणजे त्या काळची नाणी, ठेव म्हणून दिल्याची नोंद आहे. शके 765 च्या लेखात पूजा, डागडुजी आणि वस्त्रांबरोबर पुस्तकांसाठीही वेगळी तरतूद आहे. विद्येचा खर्च इतक्या बारकाईने मांडणारी माणसे या डोंगरावर होती.

पुढे वस्ती विरळ झाली, तरी पाहुणे येतच राहिले. सन 1009 आणि 1021 मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीत आपली नावे कोरली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. बोरीवलीच्याच पश्चिमेकडल्या मंडपेश्वराच्या शैव लेण्यात त्यांनी चर्च केले आणि लेण्याच्या माथ्यावर विद्यालय बांधले. त्या इमारतीच्या भिंती अजून उभ्या आहेत. शिकण्याची जागा म्हणून या परिसराची निवड अशी पुन्हा एकदा झाली.

आज कान्हेरीच्या भिंतींवर टोकदार दगडाने ओरखडलेली नावे दिसतात आणि जीव तुटतो. नंद लोहारानेही आपले नाव इथेच लिहिले. पण आधी वाट करून दिली. आपल्याला नवी वाट खोदायची नाही. त्याच्या वाटेने जपून चढावे, टाक्यात काही टाकू नये, मुलांना एखादा शिलालेख बोट न लावता दाखवावा. या महाविहाराच्या दात्यांमध्ये आपलीही भर एवढ्याने पडते.